संगणकावरील खेळ आणि कन्सोलवरील खेळ : खर्चाचा तौलनिक विचार
(खजराना, इंदूर येथील कुटुंबांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

इंदूर शहराच्या पूर्व भागातील खजराना ही वस्ती बाहेरच्या माणसाला सहसा दोन स्थानांमुळे माहीत असते. एक, अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडले गेलेले गणेश मंदिर आणि दुसरे, नाहरशाह वली यांचा दर्गा. एकेकाळी शहराबाहेर असलेले हे गाव रिंग रोड झाल्यानंतर शहरातच मिसळून गेले. होळकरांमुळे इंदुरात मराठी रुजली आणि खजरान्यासारख्या वस्तीत उर्दू व माळव्याची बोली नांदली. त्यामुळे येथील अध्यापकाला एकाच वर्गात दोन-तीन भाषांतून हिशेब समजावून सांगावा लागतो, हे वेगळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मुलांच्या खेळण्याचा खर्च हा शैक्षणिक नियतकालिकाचा विषय कसा होऊ शकतो, असे कोणी विचारील. परंतु कम्युनिटी कॉलेजात संगणक शिकविणाऱ्या अध्यापकाकडे पालक ज्या गोष्टींसाठी सल्ला मागावयास येतात, त्यांत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. मुलगा ‘प्लेस्टेशन’ मागतो आहे. त्यापेक्षा थोडे पैसे घालून संगणकच घेतला तर? त्यावर खेळेलही आणि अभ्यासही करील. पालकाच्या या बोलण्यात एक हिशेब दडलेला असतो आणि तो बहुधा अर्धाच मांडलेला असतो. चाळीस-पन्नास हजार रुपये ही रक्कम महिन्याच्या कमाईतून सहज बाजूला निघणारी नव्हे. म्हणून उरलेला अर्धा हिशेब मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या संदर्भात एका शब्दाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. ‘किफायत’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा धात्वर्थ ‘पुरेसे होणे’ असा आहे. उर्दूत तो काटकसर या अर्थाने स्थिरावला, तर मराठीत ‘किफायत’ म्हणजे नफा आणि ‘किफायतशीर’ म्हणजे परवडणारे, लाभाचे असे झाले. स्वस्त वस्तू आणि किफायतशीर वस्तू यांतील अंतर दाखविण्यासाठी हे तिन्ही अर्थ एकत्र धरले तर विवेचन सोपे होते. दुकानातील चिठ्ठीवरून स्वस्त कोणते ते कळते. ते घराला पुरते की नाही, हे पाच वर्षांनी कळते.

दोन यंत्रे

कन्सोल म्हणजे केवळ खेळासाठी बनविलेला, दूरदर्शन संचाला जोडावयाचा संगणकच होय. त्याचा प्रोसेसर, स्मृती आणि चित्र उमटविणारी चकती हे सारे निर्मात्याने ठरवून दिलेले असते. ग्राहकाला त्यात फारसा बदल करता येत नाही. संगणकाचे भाग मात्र वेगवेगळे विकत मिळतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एस.एम.पी.एस. आणि ग्राफिक्स कार्ड अशी जुळवाजुळव इंदुरात आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये नेहमीच होत आली आहे. खेळाच्या दृष्टीने यांतील कळीचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. साधे लेखन, टॅली किंवा ऑनलाइन अर्ज यांसाठी त्याची गरज नसते. नवे मोठे खेळ मात्र त्याच्यावाचून धड चालत नाहीत.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि लावून पाहिले की तेच पाच-सात खेळ फिरून फिरून येत. मुलांना हा हिशेबाचा पहिला धडा बाजारानेच दिला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे २००० नंतर सायबर कॅफे आले. तेथे तासाच्या दराने काउंटर-स्ट्राइक खेळणारी पिढी आज स्वतः पालक झालेली आहे. पहिली पिढी भाड्याने खेळली आणि दुसरी मालकीचे यंत्र मागते आहे, हा बदल ध्यानात ठेवावा लागेल. भाड्याच्या मुद्द्याकडे पुढे वळावयाचेच आहे.

चिठ्ठीवरील किंमत

भारतात कन्सोल अधिकृतपणे विकले जाऊ लागल्यानंतरचे भाव पाहण्यासारखे आहेत. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये येथे आला. सोनीचा प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये आला आणि त्याचीही किंमत ३९,९९० रुपयेच होती. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये चकतीसह ४९,९९० व चकतीविना ३९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे भाव अनुक्रमे ५४,९९० आणि ४४,९९० झाले. एक्सबॉक्सचा लहान नमुना, सिरीज एस, नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला होता.

यातील शेवटची वाढ नेहमीच्या रिवाजाविरुद्ध आहे. पूर्वी कन्सोल जुना होत जाई तसा स्वस्त होत असे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरना आला आणि २००९ मध्ये शंभर डॉलरच्या आत उतरला. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत २०२० मध्ये ४९९ डॉलरना आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५४९ डॉलर झाली. “थोडे थांबू, मग भाव उतरेल” हा पालकांचा जुना आणि शहाणपणाचा आडाखा या पिढीच्या यंत्रांना लागू पडलेला नाही. संगणकाच्या बाजूनेही थांबणाऱ्याला नेहमीच लाभ झाला, असे नाही. २०२० ते २०२२ या काळात चिपांची टंचाई आणि आभासी चलन ‘खणणाऱ्यांची’ मागणी यांमुळे ग्राफिक्स कार्डे अवाच्या सवा दराने विकली गेली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. त्यामागे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहितीकेंद्रांची मागणी होती. खजरान्यातील एखाद्या घराच्या खरेदीवर इतक्या दूरच्या घडामोडींचा परिणाम व्हावा, ही या बाजाराची तऱ्हाच आहे.

कन्सोल बनविणारी कंपनी यंत्रावर नफा कमवीलच असे नाही. प्लेस्टेशन ३ बाजारात आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेने त्याचे भाग सुटे करून खर्च मोजला. ४९९ डॉलरना विकल्या जाणाऱ्या नमुन्याचा उत्पादनखर्चच आठशे डॉलरच्या वर जातो, असा तिचा अंदाज निघाला. हा तोटा कंपनी पुढे खेळांच्या विक्रीतील वाट्यातून आणि वर्गणीतून भरून काढते. म्हणजे ग्राहकाला प्रथम जी सूट मिळाल्यासारखी वाटते, ती खरे पाहता उधारी असते. संगणकाचे सुटे भाग विकणारे मात्र आपला नफा प्रत्येक भागावर तिथल्या तिथे घेतात, त्यामुळे संगणक सुरुवातीलाच महाग दिसतो.

करांचा भाग सहसा कोणी विचारात घेत नाही. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि पुढे संगणक व त्याच्या बहुतेक मुख्य भागांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. खेळाचे कन्सोल या करारात नव्हते. २०१५ मध्ये कराराची व्याप्ती वाढविण्यात आली तेव्हा कन्सोलचा समावेश झाला, पण त्या वाढीव करारात भारत सहभागी झाला नाही. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात कन्सोलवरील शुल्क दहावरून वीस टक्के करण्यात आले. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाला तेव्हाही संगणक १८ टक्क्यांच्या टप्प्यात आणि कन्सोल २८ टक्क्यांच्या टप्प्यात गेला. जानेवारी २०१९ पासून कन्सोल १८ टक्क्यांवर आला. कायद्याच्या नजरेत एक यंत्र ज्ञानाचे साधन ठरले आणि दुसरे खेळणे. आतील चिप जवळपास एकाच घराण्यातली असते, ही गोष्ट सीमाशुल्काच्या कोष्टकात दिसत नाही. अमेरिकेतील ४९९ डॉलर म्हणजे २०२१ च्या आरंभी साडेछत्तीस हजारांच्या आसपास रुपये. येथे त्याचे पन्नास हजार कसे झाले, याचे बरेचसे उत्तर या शुल्कात आणि करात आहे.

खरेदीच्या पद्धतीतही एक फरक आहे. कन्सोल एकरकमी घ्यावा लागतो, नाही तर हप्त्याने. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणारी कुटुंबे हप्ता टाळतात आणि भिशी लागण्याची वाट पाहतात. (इंदुरात भिशीला ‘बीसी’ म्हणतात.) संगणकाला मात्र टप्प्याटप्प्याने वाढता येते. यंदा साधा संगणक घ्यावा, पुढच्या वर्षी रॅम वाढवावी, त्यापुढील भिशीतून ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असे करणे शक्य असते. मात्र त्यासाठी आरंभीच एस.एम.पी.एस. पुरेशा क्षमतेचा आणि मदरबोर्ड योग्य असावा लागतो. हे दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही. अध्यापकाने सांगितलेले बरे.

किमतीनंतरचा खर्च

प्लेस्टेशन ५ साठीचे मोठे नवे खेळ भारतात ४,९९९ रुपयांना येऊ लागले. संगणकाच्या खेळांची बाजारपेठ निराळी आहे. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम हे ऑनलाइन दुकान २००३ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर २०१५ पासून ते रुपयांत भाव लावू लागले. तेथे तसेच इतर दुकानांत सणासुदीला मोठ्या सवलती असतात. एपिक या कंपनीने तर मे २०२० मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गाजलेला खेळ काही दिवस फुकट वाटला. सवलती कन्सोलच्या ऑनलाइन दुकानांतही असतात, परंतु एका यंत्राला एकच अधिकृत दुकान असल्यामुळे तेथे स्पर्धा कमी पडते.

कन्सोलच्या बाजूने बोलावयाचे तर तबकडीचा मुद्दा मोठा आहे. तबकडीवर घेतलेला खेळ विकता येतो, बदलता येतो, मित्राला वापरावयास देता येतो. संगणकावरील खेळ खात्याला बांधलेला असतो. तो मोडीतही जात नाही. चकतीविना मिळणारा कन्सोल २०२२ च्या भावांनुसार दहा हजारांनी स्वस्त होता खरा, पण त्याबरोबर हा पुनर्विक्रीचा मार्गही बंद होतो. चार-पाच मित्र तबकड्या फिरवून खेळणार असतील, तर हे दहा हजार वाचविणे म्हणजे चिंधी वाचवून सदरा फाडण्यासारखे होईल.

येथे एक अप्रिय गोष्ट नमूद करणे भाग आहे. संगणकावरील खेळ स्वस्त असतात, हा समज आपल्याकडे रूढ झाला तो मुख्यतः चोरट्या प्रतींमुळे. २००० नंतरच्या दशकात वीस-तीस रुपयांच्या तबकडीवर कोणताही खेळ मिळे. कन्सोललाही चिप बसवून हाच उद्योग चाले. त्या काळच्या ‘खर्चा’ची तुलना आजच्या खर्चाशी करता येत नाही, कारण तेव्हा पैसे दिलेच जात नव्हते. शिवाय अशा प्रतींतून येणारे विषाणू संगणकातील अभ्यासाचे काम नष्ट करीत, ती हानी कोणी मोजली नाही.

ऑनलाइन जोडीने खेळण्यासाठी कन्सोलला वर्गणी लागते. प्लेस्टेशन प्लसची सर्वांत साधी वार्षिक वर्गणी २०२२ मध्ये भारतात २,९९९ रुपये होती. फोर्टनाइटसारख्या फुकट खेळांना ती लागत नाही. एक्सबॉक्सनेही एप्रिल २०२१ पासून अशा खेळांसाठीची अट काढून टाकली. संगणकावर अशी वर्गणी मुळात नाही.

विजेचा खर्च लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे, पण एका ठिकाणी तो अडतो. प्लेस्टेशन ५ मोठा खेळ चालविताना सुमारे दोनशे वॉट घेतो. दूरदर्शन संचाचे सत्तर वॉट धरले आणि रोज दोन तास खेळ धरला, तर महिन्याला सुमारे सोळा युनिटे होतात. मध्यम ग्राफिक्स कार्डाचा संगणक मॉनिटरसह तीनशे वॉट घेतो असे मानले, तर अठरा युनिटे. ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक याच्या तिसऱ्या हिश्श्यातही भागतो. सात रुपये युनिट धरल्यास महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांची बाब आहे. परंतु मध्य प्रदेशात २०१९ मध्ये विस्तारलेल्या इंदिरा गृह ज्योती योजनेत सवलतीची मर्यादा महिन्याला दीडशे युनिटांची ठेवण्यात आली. त्या मर्यादेत राहणाऱ्या घराला पहिली शंभर युनिटे शंभर रुपयांत मिळतात. अशी सवलत घेणाऱ्या आणि एकशे चाळीस युनिटे वापरणाऱ्या घरात सोळा युनिटांची भर पडली, की सोळा युनिटांचेच पैसे वाढत नाहीत. पहिल्या शंभरांवरील सवलतही त्या महिन्यापुरती हातची जाते आणि बिल काही शे रुपयांनी फुगते. घरातील कर्त्या माणसाला “या महिन्यात बिल एवढे कसे?” हे कोडे पडते आणि ठपका बहुधा पंख्यावर किंवा फ्रिजवर येतो.

दुरुस्तीबाबत संगणक उजवा आहे. बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो आणि तो बदलणारा माणूस गल्लीत मिळतो. कदाचित तो आपल्याच हार्डवेअर अभ्यासक्रमाचा माजी विद्यार्थी असतो. कन्सोलची वॉरंटी सरल्यानंतर बोर्डाचा बिघाड झाला तर खर्च आणि खात्री दोन्ही बेभरवशाची. २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० मधील दोषामुळे मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली होती. आज नेहमीची तक्रार हातातील कंट्रोलरची असते. त्याची कांडी आपोआप सरकू लागते. प्लेस्टेशन ५ चा नवा कंट्रोलर आला तेव्हाच ५,९९० रुपयांचा होता. उलट, वीज गेली की संगणकाला यू.पी.एस. लागतो. धूळ आणि उन्हाळा यांपासून दोघांचीही सुटका नाही.

एका घराचा हिशेब

वरील बाबी एकत्र आणण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. मुलगा बारावीत आहे, बहीण कॉलेजात. घरात दूरदर्शन संच आहे, संगणक नाही. मुलगा रोज दोन तास खेळेल, वर्षाला तीन मोठे खेळ घेईल आणि यंत्र पाच वर्षे चालेल, असे मानू. पुढील आकडे ही गृहीते आहेत. अध्यापकांनी वर्गात हा हिशेब करून घेताना त्या-त्या दिवसाचे भाव घालावेत.

चकतीचा कन्सोल ५४,९९० रुपये. पंधरा खेळ नव्या किमतीला घेतले तर ७४,९८५. वर्गणी पाच वर्षांची १४,९९५, वीज ६,७२० आणि एकदा नवा कंट्रोलर ५,९९०. बेरीज १,५७,६८०. प्रत्येक तबकडी दोन हजारांना विकली गेली तर तीस हजार परत येतात आणि खर्च १,२७,६८० वर उतरतो.

ग्राफिक्स कार्डासह जुळविलेला संगणक मॉनिटर धरून सत्तर हजारांचा समजू. खेळ सहा महिने-वर्षभर थांबून, सवलतीत, सरासरी दीड हजारांना घेतले तर २२,५००. दुरुस्ती व एखादा भाग बदलणे १०,०००, यू.पी.एस. ४,०००, वीज ७,५६०. बेरीज १,१४,०६०.

येथपर्यंत येऊन संगणक स्वस्त ठरला असे जाहीर करण्याची घाई होते. पण या तुलनेत एक अन्याय झालेला आहे. संगणकवाल्याला आपण थांबावयास लावले आणि कन्सोलवाल्याला पहिल्याच दिवशी खेळ घेऊ दिला. कन्सोलवाल्यानेही तितकाच धीर धरून सवलतीत, सरासरी दोन हजारांना खेळ घेतले आणि तबकड्या विकल्या नाहीत, असे मानले तर त्याचा एकूण खर्च १,१२,६९५ रुपये होतो. म्हणजे पाच वर्षांत दोहोंमधील फरक दीड हजाराच्याही आत आला. बचत यंत्रामुळे कमी आणि खेळ उशिरा घेण्यामुळे जास्त झाली होती.

ज्या मुलाला फुकटचेच खेळ खेळावयाचे आहेत त्याचा हिशेब आणखी निराळा. फोर्टनाइट लहान कन्सोलवर चालतो. काउंटर-स्ट्राइक २ संगणकावरच खेळता येतो. व्हॅलोरंटसारखा खेळ तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, बऱ्या प्रोसेसरच्या संगणकावरही चालतो. अशा मुलासाठी सत्तर हजारांचा संगणक घेणे म्हणजे टांग्याला चार घोडे जुंपणे होय.

तासाचे भाडे

मालकी आणि भाडे यांची तुलना करावयाची तर तासांची संख्या धरावी लागते. गेमिंग पार्लरचा दर तासाला साठ रुपये धरू. ५४,९९० रुपयांत नऊशे सोळा तास खेळता येते, आणि तेथे खेळाची किंमत, वर्गणी वा वीज यांचा भार ग्राहकावर नसतो. आठवड्याला दोन तास खेळणाऱ्याला हे तास जवळजवळ नऊ वर्षे पुरतील. तेवढ्या काळात कन्सोलची एक संपूर्ण पिढी येऊन जाते. रोज दोन तास खेळणाऱ्याचे तेच तास सव्वा वर्षात संपतात.

परंतु हे गणित मांडताना पालक एक गोष्ट बोलून दाखवीत नाहीत. मुलगा पार्लरवर कोणाबरोबर बसतो याची त्यांना चिंता असते आणि तो डोळ्यांसमोर राहावा म्हणून ते यंत्र घरी आणतात. हा हेतू रास्त आहे. त्याची किंमत अशी की आठवड्याचे दोन तास घरी आल्यावर दोनच राहत नाहीत.

यंत्र कोणाच्या हाती

आता पालकाच्या मूळ वाक्याकडे वळू : “त्यावर खेळेलही आणि अभ्यासही करील.” अभ्यासाचा साधा संगणक पस्तीस हजारांना मिळतो असे धरले, तर संगणकाच्या १,१४,०६० रुपयांतून ते पस्तीस हजार वजा व्हावयास हवेत, कारण तेवढी गरज घराला तशीही होती. मग खेळाचा खर्च ७९,०६० उरतो आणि कन्सोल स्पष्टपणे मागे पडतो. संगणकाच्या बाजूचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि सामान्यतः तो बिनविरोध मान्य होतो.

ही वजावट मात्र एका अटीवर अवलंबून आहे. अभ्यासाच्या वेळी यंत्र मोकळे असले पाहिजे. काल्पनिक घरातील बहीण दिवसा कॉलेजात आणि नंतर घरकामात असते. तिला संध्याकाळी सात ते दहा हेच तीन तास मिळतात. भावाच्या खेळाची वेळही तीच, कारण त्याचे ऑनलाइन सोबती तेव्हाच जमतात. चालू डाव मध्येच सोडता येत नाही, ही त्याची सबब तांत्रिकदृष्ट्या खरीही असते. तीनांपैकी दोन तास यंत्र त्याच्याकडे राहिले, तर अभ्यासापोटी वजा करावयाची रक्कम पस्तीस हजारांची एक-तृतीयांश, म्हणजे पावणेबारा हजारांच्या आतच भरते. बहीण मग अहवाल मोबाइलवर लिहिते, टॅलीचा सराव कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल तेवढा करते, आणि अर्ज भरावयाचा असला की एमपी ऑनलाइनच्या केंद्रावर पैसे देऊन भरून घेते. घरात संगणक आहे, ही नोंद मात्र कायम राहते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘संगणक : होय’ असे लिहिले जाते आणि तो कोणासाठी, हा रकाना तक्त्यात नसतो.

कन्सोलचा एक गुण येथे प्रथमच पुढे येतो, आणि तो निर्मात्याच्या जाहिरातीत नसतो. कन्सोलवर अभ्यास होत नाही, म्हणून त्याच्या नावावर अभ्यासाचे पैसे खर्च झाल्याचे कोणी म्हणू शकत नाही. खेळ खेळाच्या खाती राहतो. (दूरदर्शन संचावरून घरात होणारे वाद वेगळे, त्यांत आजीची मालिका सहसा जिंकते.)

तेव्हा पालकापुढे दोन यंत्रांऐवजी दोन मांडण्या ठेवाव्यात. पहिल्या मांडणीत एकच दमदार संगणक, भाऊ-बहिणीत वाटून : पाच वर्षांचा खर्च १,१४,०६० रुपये. दुसऱ्या मांडणीत भावाला कन्सोल आणि बहिणीला स्वतंत्र साधा संगणक : १,१२,६९५ अधिक ३५,०००, म्हणजे १,४७,६९५ रुपये. फरक ३३,६३५ रुपयांचा. साठ महिन्यांत वाटला तर महिन्याला सुमारे पाचशे साठ. घराला हे पेलणार नसेल तर नव्याऐवजी कचेरीतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा संगणक पाहता येईल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक कार्यालयांनी आपली जुनी यंत्रे काढली आहेत. ती घेताना इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या अलीकडचा आहे ना, हे पाहावे. त्यापूर्वीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बॅटरीवर चालणारी मांडीवरची यंत्रे या वर्गात घेताना बॅटरी बदलण्याचा खर्च धरावा. टेबलावरचा संगणक त्या मानाने बिनधोक.

असा संगणक पंधरा हजारांना मिळाला असे धरू. त्यावर भावाचे मोठे खेळ चालणार नाहीत, आणि तेच त्याचे भाग्य. दुसरी मांडणी मग १,२७,६९५ रुपयांवर येते. पहिल्या मांडणीशी तिचा फरक १३,६३५ रुपये, महिन्याला सुमारे २२७. सात ते दहा हे तीनही तास मग बहिणीला मिळतात.